करंगळी काढली की पुढे पाय जातोच का? मधुमेह आणि पाय कापावे लागण्याचे प्रमाण

प्रश्न
(तासगाव तालुका, जि. सांगली)

माझे वडील सदुसष्ट वर्षांचे असून त्यांना सोळा-सतरा वर्षांपासून मधुमेह आहे. आमची थोडी द्राक्षबाग आहे आणि गोडी छाटणीनंतरच्या फवारणीच्या दिवसांत ते पहाटेपासून गंबूट घालून बागेत असतात. यंदा त्या गंबुटाने घासून उजव्या पायाच्या करंगळीला फोड आला, तो फुटला आणि त्याखाली जखम झाली. परंतु त्यांना काहीच दुखले नाही, म्हणून त्यांनी ते कोणाला सांगितलेही नाही. आईला अंथरुणावर पिवळसर डाग दिसला आणि वास आला, तेव्हा घरात समजले. तोवर करंगळी एका बाजूने काळवंडली होती. संसर्ग हाडापर्यंत गेल्याचे एक्स-रेमध्ये दिसते आहे, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ९.४ आहे, ताप नाही. सांगलीतील शल्यचिकित्सकांनी करंगळी आणि तिच्या मागच्या हाडाचा थोडा भाग काढण्याचा सल्ला दिला आहे.

वडील तयार नाहीत आणि त्यांच्या नकाराला कारण आहे. माझ्या आत्याच्या यजमानांचा आधी अंगठा काढला, काही महिन्यांनी अर्धा चवडा आणि वर्ष-दीड वर्षात गुडघ्याखाली पाय. त्यानंतर ते फार काळ राहिले नाहीत. "एकदा कापायला सुरुवात झाली की मग वर वर सरकतच जातात," असे वडील म्हणतात आणि त्यांना दुजोरा देणारे गावात बरेच भेटतात. लेप लावून पाहा, पंधरा दिवस थांबा, असे सांगणारेही आहेत.

मला समजून घ्यायचे आहे ते असे. मधुमेह असलेल्या शंभर जणांपैकी किती जणांचा पाय खरोखर कापावा लागतो? आमच्यासारखी जखम झाल्यावर ते प्रमाण किती होते? आणि बोट काढल्याने पुढचा पाय वाचतो, की बोट काढणे हीच पुढच्या शस्त्रक्रियांची सुरुवात ठरते? वडिलांना भीती दाखवून मला त्यांची सही घ्यायची नाही, त्यांना पटवून द्यायचे आहे. त्यामुळे जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.


उत्तर १
(निवृत्त शल्यचिकित्सक, मिरज)

ताई, आधी तातडीची गोष्ट लिहितो, आकड्यांकडे नंतर येतो. लाली करंगळीकडून चवड्यावर किंवा घोट्याकडे सरकत असेल, थंडी-ताप आला, वास वाढला, काळा भाग पसरला किंवा कातडीखाली दाबल्यावर कुरकुर जाणवली, तर या चर्चेतील उत्तरांची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात दाखल व्हा. मधुमेही पायातला ओला संसर्ग स्नायुबंधांच्या आवरणांतून एका रात्रीत तळव्यात उतरू शकतो. ताप नसणे ही खात्री मानू नका. साखर वाढलेल्या वृद्धांत गंभीर संसर्ग असूनही पुष्कळदा ताप येत नाही. लेप लावून पंधरा दिवस थांबण्याचा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण हाडापर्यंत गेलेल्या जखमेला पंधरा दिवस देणे मला मान्य नाही.

आता आपला प्रश्न. या विषयावरचा एक मोठा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. मधुमेह असलेल्या शंभर जणांपैकी १९ ते ३४ जणांना आयुष्यात केव्हा ना केव्हा पायाला जखम होते, असा त्यातील अंदाज आहे. या जखमांपैकी निम्म्याहून अधिक जखमांत संसर्ग होतो आणि संसर्ग मध्यम किंवा तीव्र असेल तर अशा शंभरांपैकी साधारण वीस जणांत काही ना काही भाग काढावा लागतो. या वीसमध्ये बोट काढलेलेही धरलेले असते, हे लक्षात ठेवा. वैद्यकीय मोजणीत घोट्याच्या वर केलेले विच्छेदन (म्हणजे अवयव कापून काढणे) मोठे आणि घोट्याच्या खाली केलेले लहान मानले जाते. गावात मात्र "पाय कापला" म्हणताना केवळ मोठे विच्छेदन डोळ्यांसमोर असते. त्यामुळे वर्तमानपत्रात वाचलेला आकडा आणि मनात उभे राहिलेले चित्र यांत पुष्कळ अंतर पडते. उलट्या बाजूने पाहिले तर मधुमेहामुळे झालेल्या विच्छेदनांपैकी सुमारे ८५ टक्के विच्छेदनांची सुरुवात पायाच्या एखाद्या जखमेपासून झालेली असते. म्हणजे या दुखण्यात आपल्याला आधी इशारा मिळतो, आणि बहुतेक वेळा तो हातात काही करण्यासारखे असताना मिळतो.

आकडा ऐकला की तो कशाच्या तुलनेत आहे, हे विचारण्याची सवय ठेवा. एकूण लोकसंख्येत किती, मधुमेह असलेल्यांत किती आणि पायाला जखम झालेल्यांत किती, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांपासून फार दूर असतात. इंग्लंडमध्ये २००७ ते २०१० या काळात मधुमेह असलेल्या दर हजार लोकांमागे वर्षाला साधारण अडीच विच्छेदने होत होती. हा आकडा लहान दिसतो, पण मधुमेह नसलेल्यांच्या मानाने तो वीस पटींहून अधिक होता. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते: एकाच देशात, एकाच सरकारी आरोग्यसेवेत, एका भागातले प्रमाण दुसऱ्या भागाच्या आठपट होते. आजार तोच, औषधे तीच, तरीही असा फरक पडतो, कारण जखम झाल्यापासून ती जाणत्या माणसाच्या नजरेस पडेपर्यंत किती दिवस जातात, रक्तपुरवठा तपासला जातो की नाही आणि पायावरचा भार कोणी काढतो की नाही, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. इंग्लंडमधल्याच इप्सविच या गावात मधुमेहतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, पायाच्या जखमा पाहणारे कर्मचारी आणि पादत्राणे बनवणारे एकत्र काम करू लागले. १९९५ ते २००५ या काळात तेथील मधुमेहींतील मोठ्या विच्छेदनांचे प्रमाण ८२ टक्क्यांनी घटले. युरोपातील देशांनी १९८९ साली इटलीत सेंट व्हिन्सेंट येथे जमून विच्छेदने निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. ते सगळीकडे साधले नाही, पण ज्यांनी मन लावून काम केले त्यांना साधता आले, हे इप्सविचने दाखवले.

मिळवलेले टिकतेच असे नाही, हेही सांगायला हवे. अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात मधुमेहींतील विच्छेदनांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले होते. पुढे २००९ ते २०१५ या काळात ते हजारी ३.०७ वरून ४.६२ पर्यंत पुन्हा चढले. ही वाढ विशेषतः तरुण आणि मध्यमवयीन लोकांत होती आणि तिच्यात बोटे किंवा चवडा काढण्याचा वाटा मोठा होता.

आपल्याकडे विच्छेदनांची देशपातळीवरची नोंदवही नाही. भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या १०.१ कोटी असल्याचे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. त्यांच्यापैकी दरवर्षी किती जणांचे पाय जातात, याची मोजणी मात्र कोणी करत नाही. म्हणून एखाद्या रुग्णालयातले प्रमाण ऐकून ते सांगली जिल्ह्याचे प्रमाण समजू नये. मोठ्या रुग्णालयात उशिरा आलेले, चिघळलेले पायच जास्त पोहोचतात. ज्यांची जखम गावातच वेळेवर बरी झाली, ते त्या यादीत कधीच येत नाहीत. आपल्या गावातल्या अनुभवाचेही तसेच आहे. आत्याच्या यजमानांचा पाय गेला, हे साऱ्या पंचक्रोशीला माहीत असते. ज्याचे बोट काढले आणि जो आज बूट घालून बाजारात हिंडतो आहे, त्याचे बोट नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी जरा जपून देतो. बोट काढल्यामुळे आजार वर चढत नाही. परंतु बोट काढावे लागले, याचा अर्थ त्या पायात आधीपासून काही तरी बिघडलेले आहे, आणि ते तसेच ठेवून केवळ बोट काढले तर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ येते. असे होण्याची तीन कारणे मी वारंवार पाहिली. पहिले कारण रक्तपुरवठ्याचे: पोटरीतल्या धमन्या अरुंद झालेल्या असताना त्या न तपासता बोट काढले, तर शस्त्रक्रियेची जखमच भरत नाही आणि कडा काळ्या पडत जातात. दुसरे, संसर्ग झालेल्या हाडाचा तुकडा आत राहून जातो. तिसरे कारण सर्वांत अधिक दुर्लक्षित आहे. एक बोट गेले की चालताना पडणारा दाब शेजारच्या हाडांवर सरकतो, विशेषतः अंगठा काढल्यावर, आणि बधिर पायाला तो नवा दाब कळत नाही. जुनीच चप्पल पायात राहिली तर काही महिन्यांत शेजारी नवी जखम तयार होते. आत्याच्या यजमानांच्या बाबतीत यांपैकी काय घडले, ते कागदपत्रे पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. परंतु आपल्या वडिलांच्या बाबतीत हे तिन्ही प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वी विचारण्याची संधी आपल्या हातात आहे, आणि नातेवाइकांनी असे प्रश्न विचारले तर चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही.

बधिर पायाचे हे शास्त्र आपल्या देशातच पुष्कळ पुढे गेले, याचा मला अभिमान वाटतो. विसाव्या शतकाच्या मध्यास वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांचा अभ्यास केला. बोटे आणि तळवे झडतात ते रोगाने मांस कुजल्यामुळे नव्हे. वेदना नसल्याने रुग्ण जखमेवरच चालत राहतो म्हणून झडतात, हे त्यांनी दाखवले. मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला आणि तळव्यावरचा दाब वाटून घेणारे प्लास्टर, हे दोन्ही उपाय कुष्ठरोगाच्या कामातून मधुमेहाकडे आले. आमच्या मिरजेत कुष्ठरुग्णांची सेवा करणारे रुग्णालय फार जुने आहे. तशा ठिकाणी बनणाऱ्या चपलांचे मोल मला मधुमेहाचे रुग्ण पाहू लागल्यावर खऱ्या अर्थाने कळले.


उत्तर २
(शेतकरी, वाळवा तालुका)

वरील उत्तर वाचले. माझी स्वतःची डाव्या पायाची दोन बोटे काढलेली आहेत आणि त्याला आता बरीच वर्षे झाली, म्हणून आपल्या वडिलांसाठी लिहितो. मी आजही माझ्या उसाला स्वतः पाणी पाजतो.

मला भीती तीच होती जी त्यांना आहे. आमच्या भावकीतही एकाचा पाय गेलेला होता. माझ्या बाबतीत शस्त्रक्रियेपूर्वी पायाच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी झाली, त्यात प्रवाह ठीक निघाला आणि डॉक्टरांनी मला पडद्यावर ते दाखवले, तेव्हा माझ्या मनातली निम्मी शंका गेली. उरलेले काम मात्र रुग्णालयातून घरी आल्यावरचे होते आणि ते आयुष्यभराचे आहे, हे त्यांना आधीच सांगा, म्हणजे नंतर फसवणूक झाल्यासारखे वाटणार नाही.

जखम भरेपर्यंत त्या पायावर उभे राहायचे नाही, ही अट सर्वांत अवघड गेली. शेतकऱ्याला घरात बसवणे सोपे नसते. दुखत असते तर मी बसलो असतो, पण दुखतच नाही, मग उठून गोठ्यापर्यंत जाण्याचा मोह होतो, आणि तेवढ्या चालण्याने आठवड्याभरात भरत आलेली जखम पुन्हा ओली होते. माझ्या पत्नीने माझी चप्पलच उचलून ठेवली होती. घरच्यांनी इतके कठोर व्हावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

गंबुटाविषयी सांगतो, कारण आपल्या वडिलांची जखम त्यानेच झाली आहे. फवारणीला आणि चिखलात गंबुटाशिवाय पर्याय नाही, हे मला मान्य आहे. परंतु गंबूट अनवाणी पायावर घालू नये. आत पांढरा, जाड, शिवण न टोचणारा सुती मोजा घालावा. पांढरा अशासाठी की रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो. घालण्यापूर्वी गंबूट उलटा करून झटकावा आणि हात आत घालून टोकापर्यंत चाचपावा. माझ्या गंबुटात एकदा द्राक्षाच्या तारेचा बोटभर तुकडा निघाला होता. तो पायाने मला कधीच सांगितला नसता, हाताने सांगितला. दोन-तीन तासांनी गंबूट काढून पाय कोरडा करावा, कारण आतल्या घामाने बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात आणि त्या फटींतून संसर्ग शिरतो. खोडवा ठेवलेल्या रानात मी चपलेने जातच नाही. तुटलेल्या उसाचे बुडखे भाल्यासारखे टोकदार असतात आणि साध्या स्लीपरच्या तळातून सहज वर येतात.

एरवी घालायची माझी चप्पल आतून मऊ रबराची, पुढे रुंद आणि मागे पट्टा असलेली आहे. अंगठा घालायची कोल्हापुरी चप्पल मी सोडली. बेचक्यात चामडे घासते, आणि ती पायात धरून ठेवण्यासाठी बोटांवर जोर द्यावा लागतो, जो आता माझ्या पायात नाही. आमच्या घरी नवरात्रात अनवाणी राहण्याची जुनी पद्धत आहे. मी डॉक्टरांना विचारले, घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोललो, आणि माझ्या वाटचे व्रत आता पत्नी करते. मी देवीला रोज जातो. गाभाऱ्याबाहेरची फरशी उन्हाने तापण्याआधी, सकाळी.


पुन्हा प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री दोन्ही उत्तरे वडिलांना वाचून दाखवली. वाळव्याच्या काकांचे उत्तर त्यांनी पुन्हा वाचायला लावले. "आधी रक्तवाहिन्या तपासू, मग ठरवू," इतके ते आता म्हणत आहेत, आणि उद्याच आम्ही सांगलीला जात आहोत.

दोन शंका आहेत. रक्तपुरवठ्याची कोणती तपासणी पुरेशी समजावी? आणि वडिलांना गेल्या वर्षीपासून एम्पाग्लिफ्लोझिनची गोळी सुरू आहे. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या या गोळ्यांमुळे पाय कापावे लागतात, असा संदेश एका नातेवाइकांनी पाठवला आहे. ती बंद करावी का?


उत्तर ३
(औषधनिर्माता, सांगली)

गोळीविषयी तेवढे लिहितो. त्या संदेशाचे मूळ कॅनाग्लिफ्लोझिन या त्याच गटातील दुसऱ्या औषधाच्या चाचणीत आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत हे औषध घेणाऱ्यांत विच्छेदनाचे प्रमाण दर हजार रुग्णांमागे वर्षाला ६.३, तर न घेणाऱ्यांत ३.४ इतके आढळले. त्यावरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या औषधावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. पुढील अभ्यासांनंतर २०२० साली तो कडक इशारा काढून घेतला आणि साधी सूचना ठेवली. हृदय आणि मूत्रपिंडासाठी या गटातील औषधांचा लाभ मोठा आहे, म्हणून संदेश वाचून कोणीही ती परस्पर बंद करू नये.

तरीही आपल्या वडिलांच्या बाबतीत डॉक्टरांना उद्याच ही गोळी दाखवणे आवश्यक आहे, कारणे दोन. पायाला जखम असताना ही औषधे काही काळ थांबवावीत का, याचा विचार तज्ज्ञ करतात. शिवाय शस्त्रक्रियेपूर्वी ती किमान तीन दिवस बंद ठेवण्याची शिफारस आहे, अन्यथा साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली तर भूलतज्ज्ञांना ही गोळी चालू होती, हे माहीत असलेच पाहिजे. गोळीची पट्टीच सोबत न्या. ती थांबवल्यास त्या काळात साखर इन्सुलिनने आवरावी लागेल, आणि इन्सुलिनला घाबरू नका.


उत्तर ४
(समुदाय आरोग्य अधिकारी, फलटण तालुका, जि. सातारा)

ताईंचा प्रश्न त्यांच्या वडिलांपुरता आहे, परंतु वरच्या उत्तरात जे "इशारा आधी मिळतो" असे लिहिले आहे, त्याविषयी गावपातळीवर काम करणारी म्हणून मला लिहावेसे वाटते. कारण त्यांच्या घरात आईला, काकांना किंवा आणखी कोणाला मधुमेह असेल, तर त्यांचे पाय आजच पाहता येतील.

आमच्या केंद्रात तिशीच्या पुढच्या सर्वांची साखर आणि रक्तदाब तपासला जातो. पाय मात्र मुद्दाम विचारल्याशिवाय कोणी दाखवत नाही. "पायाला बधिरपणा आहे का," असे विचारले की बहुतेक जण नाही म्हणतात, कारण जे हळूहळू गेले ते गेल्याचे कळत नाही. म्हणून मी वेगळे विचारते: "चालताना चप्पल पायातून निसटून मागे राहिली आणि तुमच्या लक्षात आले नाही, असे कधी झाले का?" यावर पुष्कळ जण चमकून हो म्हणतात. मग त्यांना डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक ठरावीक जाडीचा तंतू तळव्यावर टेकवते. तो दहा ग्रॅम दाबाला वाकतो. तो वाकेपर्यंत दाबूनही माणूस "लागले" म्हणाला नाही, तर त्या जागी संरक्षण करणारी संवेदना उरलेली नाही, असे समजायचे. अंगठ्याखाली, करंगळीखाली, चवड्यावर अशा जागा तपासायला दोन मिनिटे लागतात. संवेदना आणि नाडी दोन्ही ठीक असतील तर वर्षातून एकदा पाय पाहणे पुरते. दोन्हींपैकी एक बिघडले असेल तर सहा महिने ते वर्षभरात, दोन्ही बिघडले किंवा एक बिघडून पायाचा आकारही बदलला असेल तर तीन ते सहा महिन्यांनी, आणि पूर्वी जखम किंवा विच्छेदन झाले असेल अथवा मूत्रपिंड निकामी झालेले असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी पाय पाहावेत, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. ताई, आपले वडील या शेवटच्या गटात येतात, आणि जखम भरून आल्यानंतरही येतील. एकदा भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात पुन्हा होतात.

आमच्याकडच्या जखमांची कारणे मला जवळजवळ पाठ झाली आहेत. कुरूप ब्लेडने कापणे, भेगांवर आणि कुरूपावर बिब्बा घालणे, चुना लावणे, थंडीत पाय शेकोटीजवळ धरणे किंवा गरम पाण्याची पिशवी ठेवणे. पाय थंड आणि बधिर वाटतात म्हणून लोक शेकतात, आणि भाजल्याचे सकाळी कळते. बिब्ब्याने तर निरोगी कातडीही जळते. आषाढातल्या वारीत ज्ञानोबारायांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी आमच्या भागातून जाते, तेव्हा तळव्यावर मोठाले फोड घेऊन आलेले कितीतरी वारकरी असतात, आणि त्यांतले बरेच जण मधुमेही निघतात. त्यांना वारी सोडा, असे मी कधी म्हणत नाही. फोडाची कातडी सोलू नका, स्वच्छ पट्टी बांधा, बूट आणि मोजे घालून चाला, आणि रोज मुक्कामाच्या ठिकाणी दुसऱ्या कोणाला तरी तळवा दाखवा, एवढे मी त्यांच्याकडून कबूल करून घेते.

आणखी एक चिन्ह सर्वांनी लक्षात ठेवावे. जखम नाही, फारसे दुखत नाही, पण एक पाय सुजलेला, लाल आणि दुसऱ्या पायापेक्षा हाताला स्पष्ट गरम लागतो, असे मधुमेहात झाले तर तो केवळ संधिवात किंवा मुका मार समजून तेल चोळत बसू नये. बधिर पायातली हाडे आतल्या आत मोडत असतात, आणि त्या अवस्थेत चालत राहिले तर तळव्याची कमान कोसळून पाय कायमचा वाकडा होतो. त्या दिवसापासून पायावर भार न देणे, हाच उपचाराचा मुख्य भाग आहे.

तंबाखूविषयी वरच्या कोणाच्या उत्तरात आले नाही, म्हणून लिहिते. विडी किंवा सिगारेट चालू असेल तर धमन्यांसाठी केलेला प्रत्येक उपचार अपुरा पडतो. वडील ओढत असतील तर ती उद्यापासूनच बंद व्हायला हवी.


उत्तर ५
(निवृत्त शल्यचिकित्सक, मिरज)

रक्तपुरवठ्याच्या तपासणीविषयी. डॉक्टर आधी घोट्याजवळची आणि पावलावरची नाडी बोटांनी पाहतील. त्यानंतर घोट्याचा रक्तदाब आणि हाताचा रक्तदाब यांचे गुणोत्तर काढतात, ते ०.९ ते १.३ च्या दरम्यान असले की सर्वसाधारणपणे ठीक मानतात. मात्र दीर्घकाळच्या मधुमेहात धमन्यांच्या भिंतींत चुना साठून त्या इतक्या कडक होतात की पट्ट्याने दाबल्या जात नाहीत. मग प्रवाह कमी असूनही गुणोत्तर चांगले किंवा १.३ च्या वर येते. म्हणून केवळ या एका आकड्यावर समाधान मानू नका. शक्य असेल तेथे पायाच्या अंगठ्यातला रक्तदाब मोजावा आणि धमन्यांचा डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्यावा. घोट्याचा दाब ५० च्या खाली किंवा अंगठ्याचा ३० च्या खाली असेल, तर करंगळीला हात लावण्यापूर्वी रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांचे मत घ्यावे. अरुंद धमनी फुग्याने रुंद करता आली तर पुढची शस्त्रक्रियाही लहान होते आणि जखमही भरते. याला एकच अपवाद आहे: पू साठला असेल, तर तो त्याच दिवशी मोकळा करावा लागतो. रक्तवाहिन्यांचे काम मग त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत करतात. रंगद्रव्य टोचून तपासणी करायची असेल तर आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहावे.

शल्यचिकित्सकांना उद्या तीन गोष्टी विचारा: रक्तपुरवठा मोजला का आणि तो किती आला, काढल्यानंतर उरलेल्या हाडाच्या टोकाचा नमुना जंतुपरीक्षेसाठी पाठवणार का, आणि जखम भरेपर्यंत भार काढण्यासाठी प्लास्टर, विशेष बूट किंवा वॉकर यांपैकी काय देणार. टोकाचे हाड निरोगी निघाले तर प्रतिजैविके थोड्याच दिवसांत थांबवता येतात. संसर्ग उरला असेल तर ती कित्येक आठवडे द्यावी लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, ते दाखल होण्यापूर्वीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना विचारून घ्या, आणि शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत ठेवा. वडिलांच्या हृदयाचा आलेख आणि कोलेस्टेरॉलही तपासून घ्या. पायाच्या धमन्या ज्यांच्या बिघडतात, त्यांच्या हृदयाच्याही बिघडलेल्या असण्याची शक्यता मोठी असते. मोठ्या विच्छेदनानंतर पाच वर्षांत निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात, त्यांतले पुष्कळ हृदयविकाराने.

शस्त्रक्रियेनंतर ड्रेसिंग उघडताना घरातल्या एकाने दर वेळी उपस्थित राहावे, शेजारी पट्टी ठेवून जखमेचे छायाचित्र घ्यावे आणि लांबी-रुंदी वहीत लिहावी. चार आठवड्यांत जखमेचे क्षेत्रफळ निम्म्यावर आले नाही, तर तेच ड्रेसिंग पुढे चालू न ठेवता रक्तपुरवठा, हाड आणि भार या तिन्ही गोष्टी पुन्हा पहिल्यापासून तपासायला सांगा. डॉप्लरचा अहवाल हाती आला की त्यातले आकडे येथे लिहा, मी पाहतो.